बाहेरचा कापूस आला तर आईची मजुरी उतरेल का?

पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातली. एम. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गरीब देशाने व्यापार खुला केला की तिथल्या साध्या मजुराची मजुरी वाढते आणि दरी कमी होते, असं आम्हाला शिकवलं. गावात मला उलटं दिसतं. आई कापूस वेचायला जाते. किलोला 10 रुपये मिळतात, दिवसभरात 30 किलो होतो. जवळच्या जिनिंग कारखान्यातल्या फिटरला महिन्याला 22 हजार आहेत. ऑगस्टमध्ये कापसावरचं आयात शुल्क काढलं, तेव्हापासून आई विचारते, "बाहेरचा कापूस आला तं आमची मजुरी कमी होईन का?" माझ्याजवळ उत्तर नाही. याच विषयावर प्रकल्प करायचा आहे. सिद्धान्त चुकीचा आहे का? गावातून आकडे कसे गोळा करू? आणि धाकटा भाऊ बारावी झाला, त्याला सुरतला जाऊ द्यावं की आयटीआयला घालावं?

उत्तर :

ताई, आधी आईचा प्रश्न घेऊ. प्रकल्पाची तारीख पुढे ढकलता येईल, वेचणीची नाही.

वेचणीचा दर लगेच उतरेल असं आम्हाला वाटत नाही. कामाचे दिवस मात्र घटू शकतात, यंदा थोडे आणि पुढच्या खरिपात जास्त. कसं, ते आईसोबत बसून कागदावर मांडा.

2 फेब्रुवारी 2021 पासून बाहेरच्या कापसावर एकूण 11 टक्के शुल्क होतं : 5 टक्के मूळ सीमाशुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत उपकर आणि या दोन्हींवर 10 टक्के अधिभार. 19 ऑगस्ट 2025 पासून ते शून्यावर आलं. आधी मुदत 30 सप्टेंबरची होती, मग ती 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली. आता समजा, बाहेरची रुई (सरकी म्हणजे बी काढलेला कापूस) बंदरावर खंडीला 50,000 रुपयांना पडते. शुल्कासह गिरणीला ती 55,500 ला पडली असती. म्हणजे फरक खंडीमागे 5,500 रुपयांचा. खंडी म्हणजे 356 किलो रुई. आपल्याकडच्या कापसाला 34 टक्के उतारा धरला, म्हणजे शंभर किलो कापसातून 34 किलो रुई, तर एका खंडीला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. 5,500 भागिले साडेदहा म्हणजे क्विंटलमागे सव्वापाचशे रुपये. शुल्क काढल्याचा सगळाच्या सगळा धक्का शेतकऱ्यापर्यंत आला, तरी तो एवढाच. सरकीचा भाव वेगळा चालतो, तो तेल आणि ढेपेच्या मागणीवर असतो. म्हणून गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला "शुल्क काढलं" म्हणत क्विंटलला हजार-बाराशे तोडत असेल, तर त्यातला जवळपास अर्धा भाग शुल्काचा नाही. तो ओलीचा, उधारीचा किंवा नडीचा आहे.

हे सव्वापाचशे आईच्या दरातून वजा होतात का? सहसा नाही. वेचणीचा दर कापसाच्या भावावर कमी आणि त्या आठवड्यात हातांची टंचाई किती आहे यावर जास्त ठरतो. दिवाळीनंतर सगळी शेतं एकदम फुटतात. मालकाला दुसऱ्या गावाहून गाडीभाडं देऊन बाया आणाव्या लागतात. त्या वेळी दर पाडायला गेलेल्याची पऱ्हाटी (कापसाची झाडं) फुटलेलीच उभी राहते आणि एक अवकाळी पाऊस आला की माल पिवळा पडतो. शिवाय 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता आणि आईचे 30 किलोचे 300 होतात. गावात हमीचं काम खरोखर सुरू असेल तर तेवढा आधार खाली असतो. काम फक्त कागदावर असेल तर तो आधार नाही. ग्रामपंचायतीत नमुना 4 भरून कामाची मागणी करा आणि तारीख घातलेली पोच घ्या. पोच नसली की मागणी केलीच नव्हती असं सांगायला जागा राहते.

घट येते ती दुसऱ्या वाटेने. मालकाला क्विंटलमागे 1,000 रुपये वेचाईला जातात. भाव साडेसात हजारांवरून सात हजारांवर आला की तोच खर्च भावाच्या 13 टक्क्यांवरून 14 टक्क्यांच्या वर जातो. तो दर कमी करत नाही, तिसरी-चौथी वेचणी सोडून देतो. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, ठेवायची नाही असं ठरवतो. गुलाबी बोंडअळीच्या हिशेबाने ते योग्यच आहे, पण आईचे जानेवारीतले दिवस त्यात जातात. पुढच्या जूनमध्ये तो दोन एकर पऱ्हाटी मोडून सोयाबीन पेरतो. एकरी सहा क्विंटल कापूस वेचायला, दिवसाला 30 किलो धरले, तर 20 मजूरदिवस लागतात. एकरभर सोयाबीन विळ्याने सोंगायला चार-पाच दिवस पुरतात, हार्वेस्टर आला तर तेही नाहीत. म्हणजे दर एकरी पंधरा दिवसांची मजुरी गेली आणि 10 रुपयांचा दर मात्र तसाच दिसत राहिला.

त्यामुळे आईला सांगा : दराकडे लक्ष ठेव, पण गावात पुढच्या वर्षी कापूस किती एकर राहणार हे जास्त पाहा.

यंदा हातात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. 2025-26 च्या हंगामात भारतीय कापूस निगमाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये होता, मध्यम धाग्याला 7,710. ओल 8 टक्के असली तर पूर्ण भाव, 12 पर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, 12 च्या वर माल परत. त्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर नोंदणीही लागू झाली. आता नीट पाहा. कापूस 12 वरून 8 टक्क्यांवर सुकवला तर भाव जितका वाढतो, जवळपास तितकंच वजन घटतं, त्यात मालकाला फारसं काही सुटत नाही. खरा फायदा 12 च्या आत राहण्यात आहे. परत आलेली गाडी व्यापारी मागेल त्या भावाला जाते. 12 च्या आत राहायचं तर दव सुकल्यावर, नऊ-साडेनऊनंतर वेचायला लागायचं, कवडी (खराब, डागी कापूस) आणि पाला वेगळा ठेवायचा, ओटीतला कापूस प्लॅस्टिकच्या पोत्यात कोंबायचा नाही. यात वेचणाऱ्या बाईचं दोन बाजूंनी नुकसान होतं : सकाळचे दोन तास जातात आणि कोरडा कापूस वजनाला कमी भरतो. म्हणून कोरड्या, स्वच्छ वेचणीचा दर किलोला एक-दीड रुपया जास्त मागणं रास्त आहे. एकटीने मागू नये. टोळीतल्या सगळ्यांनी मिळून, वेचणी सुरू होण्याआधी, काट्यासमोर ठरवावं. अर्ध्या शेतात थांबून वाद घातला तर उद्यापासून दुसरी टोळी येते.

आता सिद्धान्त. तो चुकीचा नाही. त्यातला मजूर आणि तुमची आई या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, अडचण तिथे आहे.

वुल्फगँग स्टॉल्पर आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी 1941 मध्ये दाखवलं ते असं : एखाद्या मालाचा भाव वाढला, तर तो माल करायला जे साधन जास्त लागतं त्याचा मोबदला वाढतो आणि दुसऱ्याचा घटतो. त्यांच्यापुढे प्रश्न मजूर कमी असलेल्या श्रीमंत देशाचा होता. आपल्या पुस्तकांनी तोच आरसा उलटा धरला : गरीब देशात हात भरपूर, म्हणून तो हातांचा माल विकेल, हातांना मागणी येईल, शिकलेल्या-न शिकलेल्यांच्या मजुरीतलं अंतर मिटेल. पण या गणितातला मजूर एका उद्योगातून उठून दुसऱ्या उद्योगात बिनखर्चाने जातो. त्याला घर, शेजार, म्हातारी सासू, गावातलं रेशन, बचत गटाचा हप्ता काहीच नसतं. तो मजूर तुमचा भाऊ असू शकतो, तो सुरतला जायला निघालाच आहे. आई तो मजूर नाही.

आणि विकतो काय, हेही पाहायला हवं. हातांची मागणी रुईच्या गाठीतून फारशी वाढत नाही, ती कापड शिवण्यातून वाढते. पाच क्विंटल कापसाची 170 किलोची एक गाठ होते आणि ती तमिळनाडूला, गुजरातला किंवा परदेशात जाते. सूत, कापड, कपडा हे काम तिथे होतं, म्हणजे साध्या हातांची मागणीही तिथेच वाढते. 1877 पासून चाललेली नागपूरची एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली. पुलगावची, अचलपूरची चाकंही आपल्या लोकांनी थांबलेली पाहिली. शाळा न शिकलेल्या माणसाला बारमाही पगार देणारी ती मधली पायरी होती. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे. तिथे शिलाईची कामं किती येतात आणि नुसती सुताची स्वयंचलित यंत्रं किती येतात, यावर मजुरीतलं अंतर पुढे ठरेल. प्रकल्पात हा मुद्दा जरूर घ्या.

दुसऱ्या देशांचं काय झालं? मेक्सिकोचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. तो 1986 मध्ये गॅट या जागतिक व्यापार करारात आला, 1994 मध्ये अमेरिका-कॅनडाशी मुक्त व्यापार करार झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पुढची काही वर्षं तिथे कुशल-अकुशल मजुरीतली दरी वाढत गेली. एक कारण असं की खुलं करण्याआधी सर्वांत जास्त संरक्षण कपडे, चपला-बूट अशा कमी शिक्षणाच्या उद्योगांनाच होतं. शुल्क उतरलं तसं त्यांचाच माल स्वस्त झाला. म्हणजे सिद्धान्त अगदी नियमाप्रमाणे चालला, फक्त उलट्या बाजूने. त्यातच चीन बाजारात उतरला, त्याच्यापुढे मेक्सिकोचा मजूर स्वस्त राहिला नाही. आणि अमेरिकेतून जी कामं आली ती अमेरिकेत साधी होती, पण मेक्सिकोत ती करायला शिकलेलाच माणूस लागत होता.

भारताबद्दल दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा. पेतिया टोपालोव्हा यांनी 1991 नंतरची शुल्ककपात जिल्हावार पाहिली. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतले उद्योग आणि पिकं कपातीच्या तोंडी जास्त आली, तिथे गरिबी इतरांच्या मानाने कमी वेगाने घटली. गरिबी वाढली, असं त्या म्हणत नाहीत. परीक्षेत बरीच मुलं इथे चुकतात. उत्सव कुमार आणि प्राची मिश्रा यांनी मात्र कारखान्यांचे उद्योग पाहिले, तर जिथे शुल्क जास्त उतरलं तिथल्या मजुरीला तुलनेने बळ मिळालेलं दिसलं, आणि तिथे अकुशल कामगार जास्त असल्याने दरी कमी होण्याकडे कल होता. एकाच देशाची, एकाच काळाची दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. एक उद्योगाकडून मोजलेलं, दुसरं जिल्ह्याकडून. कारखान्यात टिकलेल्याचं भलं झालं, तरी जिल्ह्यात मागे राहिलेल्याचं झालंच असं नाही. माणसं जिल्हे सोडून फारशी हलली नाहीत, म्हणून हा फरक राहिला.

फिटरच्या 22 हजारांचं उत्तर तर तुमच्या गावाजवळच आहे. त्या जिनिंगमध्ये एकदा उभं राहून पाहा. पूर्वी ढिगावरून टोपल्यांनी कापूस रेच्यापर्यंत, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रापर्यंत, बाया नेत, रुई पुन्हा हातांनीच प्रेसकडे जाई. त्यात केस, सुतळी, पोत्याचे धागे मिसळत आणि गिरण्या तक्रार करत. फेब्रुवारी 2000 मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं, जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळालं. कापूस हवेच्या नळीने ओढला जाऊ लागला, ऑटो फीडरने रेच्यांना मिळू लागला, रुई पट्ट्यावरून थेट प्रेसमध्ये जाऊ लागली. माल स्वच्छ झाला. टोपल्या उचलणाऱ्या बायांची गरज मात्र घटली, आणि रेच्याचा रोलर घासून बसवणारा, दोन सुऱ्यांमधलं अंतर ठेवणारा, प्रेसचं हायड्रॉलिक सांभाळणारा माणूस महाग झाला. अंतर चुकलं की सरकी फुटते, रुईत कवच जातं, पूर्ण लॉटचा दर्जा उतरतो. मालक त्याच्या पगाराला मागेपुढे पाहत नाही. आता सांगा, हे व्यापाराने झालं की यंत्राने? बाहेरच्या बाजाराला स्वच्छ रुई हवी होती म्हणून यंत्र आलं. दोन्ही गोष्टी एकमेकींत विणलेल्या आहेत. प्रकल्पात "व्यापारामुळे इतके टक्के, तंत्रज्ञानामुळे इतके टक्के" असं वाटून दाखवायला जाऊ नका, एका गावाच्या आकड्यांवर ते होत नाही.

मग काय होतं? तीन कामं निवडा : वेचणी, जिनिंगमधली हमाली, जिनिंगमधला फिटर. प्रत्येकाचे दोन आकडे घ्या, एका दिवसाची मिळकत आणि वर्षातले कामाचे दिवस. पगाराची तुलना महिन्यावर करू नका. आईला वर्षात वेचणीचे 60 दिवस मिळत असतील तर त्याचे 18,000 होतात, फिटरला आठ महिने काम असेल तर 1,76,000. दिवसाच्या मिळकतीत, महिन्याचे 26 दिवस धरले, तर अंतर पावणेतीन पट, वर्षाच्या मिळकतीत दहा पटींच्या जवळ. दोन्ही लिहा, आणि आई निंदण, सोंगणीचे आणखी किती दिवस करते तेही जोडा, नाहीतर दरी फुगवल्यासारखी होईल.

जुने दर विचारताना "2012 मध्ये काय मिळत होतं" असं विचारलं तर प्रत्येक जण गोल आकडा सांगेल. गावातली घटना धरून विचारा : नोटबंदीच्या हिवाळ्यात, कोरोनाच्या वर्षी, मोठ्या मुलीच्या लग्नाच्या साली. मग तो आकडा कुठे लिहिलेला सापडतो का ते पाहा. शेतकऱ्याची वही, अडत्याची पावती, जिनिंगचं हजेरीपुस्तक, बचत गटाचं इतिवृत्त. किमान बारा वेचणाऱ्या बाया आणि सहा मालक घ्या, आणि मालक-मजूर एकमेकांसमोर विचारू नका.

महागाई काढायला शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरा, श्रम ब्युरो तो काढतं. जुनी मालिका 1986-87 = 100 या आधाराची आहे. नव्या आधाराचे आकडे जुन्यांना सरळ चिकटवले तर मजुरी अचानक उंच उडालेली दिसेल, जोडणीचा गुणक लावावाच लागतो. आणि फरक रुपयांत मांडू नका, पटींत मांडा. वेचणी 150 ची 300 झाली, फिटर 400 चा 846 झाला, तर रुपयांत अंतर दुपटीहून जास्त वाढलं, पटीत जवळपास जिथल्या तिथे आहे.

सर्वांत मोठी चूक होईल ती इथे : शुल्क बदललं आणि त्याच वर्षी मजुरी बदलली, म्हणून एकामुळे दुसरं. विदर्भात त्याच काळात किती काय घडलं ते बाजूला लिहून ठेवा. 2002 मध्ये बीटी कापूस आला, 2017 मध्ये बोंडअळीने पीक खाल्लं, तणनाशकाने निंदणाचे दिवस खाल्ले. या तिसऱ्याकडे फार कमी लोक पाहतात, आणि बायांच्या मजुरीचं सर्वांत मोठं नुकसान बहुधा तिथेच झालं आहे. सोयाबीनवरही शुल्काचा खेळ चालतो : कच्च्या खाद्यतेलावर सप्टेंबर 2024 मध्ये एकूण शुल्क 27.5 टक्के केलं, 31 मे 2025 पासून ते 16.5 वर आणलं. म्हणजे कापूस आणि त्याची पर्यायी जागा, दोन्हींचे भाव एकाच मोसमात हलले. म्हणून एक गाव भंडारा किंवा गोंदियाच्या धानपट्ट्यातलं घ्या, जिथे कापूस नाही. दोन्ही गावांत तीच मजुरी त्याच वर्षांत कशी बदलली ते पाहा. जी वाढ दोन्हीकडे झाली ती कापसाच्या शुल्काची नाही. फक्त हंगाम जुळवा, रोवणीच्या आठवड्यातला दर वेचणीच्या आठवड्याशी लावू नका.

भावाचं थोडक्यात. सुरतला सुरुवातीचा पगार हातात लवकर येईल, पण खोली, जेवण, येणं-जाणं वजा करून काय उरतं ते तिथे असलेल्या गावच्याच दोन मुलांना विचारा, आणि पगार ऐकू नका, घरी पाठवलेली रक्कम ऐका. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय दोन वर्षांचा आहे. त्या दोन वर्षांत मिळकत थांबते, हे खरं. तरी घर ते सोसू शकत असेल तर आम्ही आयटीआयच म्हणू, आणि प्रवेशाआधी त्या संस्थेत दोन गोष्टी पाहायला सांगू : कार्यशाळेतली यंत्रं चालू आहेत का, आणि गेल्या वर्षीची किती मुलं शिकाऊ उमेदवार म्हणून कुठे लागली. घर सोसू शकत नसेल तर त्याने जावं, पण तिथे धागा उचलण्याच्या कामात वर्षानुवर्षं न राहता लूम दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली जागा शोधावी.

वेचणीचे दिवस मोजायला मात्र आजपासूनच लागा. आईला एक छोटी वही द्या : तारीख, किलो, दर, मालकाचं किती एकर. लिहिता येत नसेल तर रात्री तुम्ही विचारून लिहा. मार्चमध्ये ती वही तुमच्या प्रकल्पातला पहिला तक्ता असेल, आणि पुढच्या दिवाळीला दर ठरवताना आईच्या हातातला कागद.